पैसा, पाणी आणि बाटली

उधळ्या माणसाविषयी बोलताना 'त्याने पैसा पाण्यासारखा ओतला' असे म्हणण्याचा मराठीत प्रघात आहे. पाणी ही विपुल आणि जवळजवळ फुकट मिळणारी वस्तू आहे, हे या वाक्प्रचारात गृहीत धरलेले आहे. मार्च २०१० मध्ये मेक्सिको शहरातील एका लिलावात पाऊण लिटर पाण्याची एक बाटली साठ हजार डॉलरना विकली गेली, तेव्हा हा वाक्प्रचार उलटा करून वाचण्याची पाळी आली. बाटली चोवीस कॅरट सोन्याने मढविलेली होती आणि तिचा घाट मोदिल्यानी या इटालियन चित्रकाराच्या कलाकृतींवरून घेतलेला होता. आत फिजी व फ्रान्स येथील झऱ्यांचे आणि आइसलँडमधील हिमनदीचे पाणी एकत्र केलेले असून त्यात पाच मिलिग्रॅम सोन्याचा भुगा मिसळलेला होता. सोने पोटात पचत नाही आणि रक्तात उतरत नाही. ते जसे जाते तसेच बाहेर पडते. म्हणजे पिणाऱ्याच्या शरीराला मिळाले ते पाणीच.

अॅडम स्मिथ या अर्थशास्त्रज्ञाने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पाणी आणि हिरा यांची जोडी उदाहरणादाखल घेतली होती. पाण्याइतके उपयुक्त दुसरे काही नाही, पण त्याच्या मोबदल्यात काही विकत घेता येत नाही. हिऱ्याचा व्यवहारात उपयोग जवळजवळ शून्य, पण त्याच्या बदल्यात वाटेल ते मिळते. पुढच्या अर्थशास्त्रज्ञांनी या कोड्याची उकल दुर्मिळतेच्या तत्त्वावरून केली. पाण्याच्या आधुनिक व्यापाऱ्यांनी मात्र ते निराळ्या युक्तीने सोडविले आहे. त्यांनी पाण्यालाच हिऱ्याचा पेहराव चढविला. २००६ साली अमेरिकेत हॉलिवूडच्या एका लेखक-निर्मात्याने 'ब्लिंग एचटूओ' नावाचे पाणी बाजारात आणले, त्याच्या बाटलीवर स्वारोव्स्कीचे चमकदार खडे जडविलेले होते. पाणी टेनेसी राज्यातील, आणि किंमत एका बाटलीस चाळीस डॉलरांच्या घरात. लंडनच्या हॅरॉड्स या प्रसिद्ध दुकानात २०१७ साली उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांभोवती तरंगणाऱ्या हिमखंडांचे वितळविलेले पाणी ठेवण्यात आले. पाऊण लिटरला ऐंशी पौंड असा त्याचा भाव होता.

या किमती कशाच्या, हे समजून घेण्यास फार मोठा हिशेब लागत नाही. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. जाड काचेच्या बाटलीचे वजन त्यात मिळविले की जहाजात, रेल्वेत, मालमोटारीत वाहून न्यावयाचा बोजा पुष्कळच वाढतो. त्याशिवाय बाटलीची घडण, झाकण, चिठ्ठी, जाहिरात, दुकानदाराचा वाटा आणि उंची हॉटेलात ती पेल्यात ओतणाऱ्या सेवकाचा पोशाख हे सर्व ग्राहकाच्या देयकात येते. झऱ्याच्या मुखाशी असलेले पाणी मात्र या सर्वांत स्वस्त. फिजी बेटांवर २०१० सालापर्यंत पाणी उपसणाऱ्या कंपनीला लिटरमागे फिजी सेंटच्या एक-तृतीयांश इतकाच कर द्यावा लागत होता. त्या वर्षी सरकारने तो मोठ्या उपशासाठी एकदम पंधरा सेंट केला, तेव्हा कंपनीने कारखाना बंद करून पाहिला आणि एक-दोन दिवसांतच कर मान्य करून तो पुन्हा सुरू केला. पंचेचाळीस पट कर वाढूनही धंदा परवडतो, यावरून मूळ पाण्याचा एकूण किमतीतील वाटा किती अल्प असेल याची कल्पना येते.

दुरून आणलेल्या पाण्याला मान देणे ही काही पाश्चात्त्यांचीच रीत नव्हे. काशीहून रामेश्वराला नेण्याची कावड हा आपल्याकडे पुण्याचा आणि कष्टाचा परमावधी समजला जाई. ती वाटेत तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी करणाऱ्या पैठणच्या एकनाथमहाराजांची कथा घरोघर ठाऊक आहे. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला निघालेल्या जयपूरच्या सवाई माधोसिंगांनी गंगाजल नेण्यासाठी चांदीचे प्रचंड कलश घेतले होते. नाण्यांची चांदी आटवून घडविलेले, प्रत्येकी सुमारे चार हजार लिटर पाणी मावेल असे दोन कलश जयपूरच्या राजवाड्यात आजही पाहावयास मिळतात. या दोन्ही प्रसंगांत पाण्याची थोरवी श्रद्धेची होती. गंगेत अमुक मिलिग्रॅम मॅग्नेशियम आहे म्हणून ते प्यावे, असे कोणी म्हटले नव्हते. बाटलीबंद पाण्याच्या व्यापाराला मात्र पहिल्यापासून वैद्यकाचा आधार लागत आला आहे.

लेमान सरोवराच्या दक्षिण तीरावर एव्हियाँ नावाचे गाव आहे. १७८९ च्या सुमारास मूतखड्याने त्रस्त झालेला एक फ्रेंच सरदार तेथे काशा नावाच्या गृहस्थाच्या बागेतील झऱ्याचे पाणी नियमाने पीत गेला आणि त्याची व्याधी दूर झाली, अशी कथा सांगतात. पुढे तेथे स्नानगृहे झाली, वैद्य पाण्याच्या पुड्या बांधून द्याव्यात तसे पेले मोजून लिहून देऊ लागले, आणि १८७८ साली फ्रान्सच्या वैद्यक अकादमीची शिफारसही त्या पाण्याला मिळाली. मूतखडा असणाऱ्याने भरपूर पाणी प्यावे हा सल्ला आजचे डॉक्टरही देतात. लघवी पातळ राहिली की खडे धरण्यास वाव कमी मिळतो. त्यामुळे त्या सरदाराला गुण आला असेल, तर त्याचे श्रेय बागेतील झऱ्यापेक्षा पाण्याच्या प्रमाणाला देणे अधिक न्याय्य ठरेल. पुण्याच्या आडाचे पाणी तितकेच प्याला असता तरी चालले असते.

तथापि त्या काळच्या श्रीमंतांना सर्वस्वी भोळे म्हणता येणार नाही. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय शहरांचे पाणी खरोखरच जीवघेणे होते. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची साथ आली, तेव्हा जॉन स्नो या डॉक्टराने मृतांची घरे नकाशावर मांडून रोगाचे मूळ एका सार्वजनिक पंपापर्यंत नेऊन भिडविले. अशा नगरात डोंगरातील झऱ्याचे, खापराच्या वा काचेच्या बाटलीत बंद केलेले पाणी विकत घेणे हा शहाणपणाच होता. हे शहाणपण कालबाह्य केले ते नगरपालिकांनी. १९०२ मध्ये बेल्जियममधील मिडलकर्क येथे आणि १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटी येथे नळाच्या पाण्यात क्लोरीनचे नियमित मिश्रण सुरू झाले, आणि पुढील काही दशकांत विषमज्वर व पटकी ही नावे त्या देशांतील शहरांतून मागे पडली. नळाचे पाणी निर्धोक झाले तसे अमेरिकेत बाटलीच्या पाण्याचे कारण उरले नाही आणि तो धंदा मंदावला.

तो पुन्हा उभा राहिला तो भीतीमुळे नव्हे, डौलामुळे. या कथेत हिंदुस्थानचाही एक गमतीदार धागा आहे. दक्षिण फ्रान्समधील व्हेर्जेझ येथील बुडबुडे येणारा झरा १८९८ साली डॉ. लुई पेरिए यांनी घेतला आणि काही वर्षांत तो हार्म्सवर्थ या इंग्रजाच्या हाती गेला. मोटार अपघातात जायबंदी झालेला हा गृहस्थ व्यायामासाठी हिंदुस्थानी मुद्गल फिरवीत असे. त्या मुद्गलांच्या आकारावरूनच पेरिए पाण्याची हिरवी, पोटाशी फुगीर बाटली घडविण्यात आली. आपल्या तालमीतील जोडी अशी पॅरिसच्या जेवणाच्या मेजावर जाऊन बसली. १९७७ पासून अमेरिकेत या पाण्याची मोठी जाहिरात झाली. दारू नको असलेल्या, व्यायामाचे वेड लागलेल्या सुखवस्तू तरुण वर्गाला हातात धरण्यास काहीतरी डौलदार हवे होते, ते या बाटलीने पुरविले. उंची पाण्याचा आजचा बाजार तेथून सुरू होतो.

डौल विकत घ्यावा, त्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. रेशमी वस्त्र सुती वस्त्राहून अधिक ऊब देते म्हणून कोणी घेत नाही. प्रश्न येतो तो डौलाच्या किमतीला आरोग्याची सबब जोडली जाते तेव्हा. या सबबींचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे नजरेत भरते. पाणी तेच राहते, पण ते गुणकारी का, याचे उत्तर दर पिढीत बदलते, आणि ते उत्तर नेहमी त्या त्या काळी वर्तमानपत्रांतून गाजत असलेल्या ताज्या शास्त्रातून उसने घेतलेले असते.

याचे सर्वांत भीषण उदाहरण रेडियमचे आहे. १९०३ साली जे. जे. थॉमसन या इंग्रज शास्त्रज्ञाला विहिरीच्या पाण्यात किरणोत्सर्ग आढळला. लवकरच युरोपातील अनेक प्रसिद्ध झऱ्यांतही तो सापडला. शतकानुशतके रोगी ज्या झऱ्यांवर जात होते, त्यांचे रहस्य अखेर उलगडले असे अनेकांना वाटले. त्याच वेळी आणखी एका अडचणीचाही उलगडा झाला. झऱ्याचे पाणी घरी नेले की गुण देत नाही, अशी जुनी तक्रार होती. पाण्यात विरघळलेला रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू चार दिवसांत निम्मा होतो. तेव्हा बाटलीतले पाणी 'मरते' हे शास्त्रानेही सिद्ध झाले, असे मानले गेले. मग वायूऐवजी खुद्द रेडियमच पाण्यात विरघळवून बाटलीत का भरू नये? न्यू जर्सीतील ईस्ट ऑरेंज येथे विल्यम बेली याने नेमके हेच केले. त्याच्या 'रेडिथॉर' या पाण्याच्या इवल्याशा बाटलीत ऊर्ध्वपातित पाणी आणि खरे रेडियम असे. भेसळ नव्हती, हेच दुर्दैव. एका बाटलीला सुमारे एक डॉलर पडे, म्हणजे हे पाणी श्रीमंतांनीच प्यावयाचे होते.

पिट्सबर्गचा एबेन बायर्स हा कारखानदार आणि नामांकित गोल्फपटू १९२७ साली आगगाडीतील बर्थवरून पडला आणि त्याचा हात दुखावला. त्याच्या वैद्याने रेडिथॉर घेण्यास सांगितले. बायर्सला त्याने तरतरी आल्यासारखी वाटली, म्हणून तो पुढील तीन वर्षे ते पीत राहिला. एकूण बाटल्या चौदाशेच्या आसपास झाल्या. रेडियम हे रासायनिक दृष्ट्या चुन्याचे भावंड आहे. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठविते, आणि मग ते आतून किरण फेकीत राहते. बायर्सच्या जबड्याचे हाड झिजून गेले, कवटीला छिद्रे पडली, आणि ३१ मार्च १९३२ रोजी तो मरण पावला. त्याला शिशाच्या अस्तराच्या पेटीत पुरावे लागले. बेलीने आपल्या नावामागे डॉक्टर ही पदवी लावली होती, ती खोटी होती. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने त्याच्या जाहिरातींवर बंदी घातली ती १९३१ च्या डिसेंबरात. बायर्सच्या दृष्टीने तोवर फार उशीर झाला होता.

आजच्या बाटल्यांत रेडियम नसते, आणि त्यांतील बहुतेक पाणी निरुपद्रवी असते. परंतु सबब बनविण्याची रीत तीच आहे. रेडियमच्या जागी आता 'अल्कलाइन', 'ऑक्सिजनयुक्त', 'हायड्रोजनयुक्त' असे शब्द आले आहेत. त्यांतील दोहोंचा हिशेब शाळेच्या रसायनशास्त्राने मांडता येतो, तो मांडून पाहावा.

अल्कलाइन म्हणजे क्षारधर्मी पाण्याने शरीरातील आम्लता जाते, असा दावा असतो. निरोगी माणसाच्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्टीत असतो आणि तो तेथे राखण्याचे काम फुप्फुसे व मूत्रपिंडे अहोरात्र करीत असतात. तो पट्टीबाहेर गेला तर माणूस रुग्णालयात असतो, दुकानात नव्हे. प्यालेले पाणी रक्ताआधी जठरात जाते, आणि जठरातील आम्लाचा पीएच दोनच्या आसपास असतो. पीएचची मोजणी दसपटीची आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे गंमत कळते. पीएच नऊ असलेले एक लिटर पाणी, केवळ त्या अंकाच्या जोरावर, पीएच दोन असलेले फक्त एक मिलिलिटर आम्ल उदासीन करू शकते. जठर दिवसाकाठी दीड ते दोन लिटर रस स्रवते. पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट असेल तर परिणाम थोडा अधिक होतो हे खरे. पण मग तो खाण्याच्या सोड्याचा गुण झाला, आणि तो प्रत्येक किराणा दुकानात मिळतो.

ऑक्सिजनचा हिशेब याहून सोपा आहे. सामान्य तापमानाला हवेशी संपर्क असलेल्या एक लिटर पाण्यात सुमारे आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. दाब देऊन तो दसपट केला असे धरले, तरी लिटरभर पाण्यात वायुरूपाने साठ मिलिलिटर ऑक्सिजन होईल. माणसाच्या एका साध्या श्वासात अर्धा लिटर हवा आत जाते, तिच्यात शंभर मिलिलिटर ऑक्सिजन असतो. अर्थात एक अख्खी बाटली एका श्वासाची बरोबरी करीत नाही. शिवाय झाकण उघडताच त्यातील पुष्कळसा उडून जातो, आणि उरलेला पोटात जातो, जेथे श्वासोच्छ्वासाची सोय निसर्गाने केलेली नाही. ती सोय माशांना आहे, पण त्यांच्या कल्ल्यांत.

खनिजांचा दावा मात्र अगदी पोकळ नाही. पाण्यातील कॅल्शियम शरीरात शोषले जाते. मॅग्नेशियम सल्फेटने समृद्ध असे काही झऱ्यांचे पाणी सौम्य रेचक म्हणून खरोखर उपयोगी पडते. प्रश्न प्रमाणाचा आहे. एव्हियाँच्या एक लिटर पाण्यात सुमारे ८० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. शंभर ग्रॅम नाचणीत ते साडेतीनशेच्या आसपास आहे. म्हणजे पन्नास ग्रॅम पिठाची एक लहानशी भाकरी त्या पाण्याच्या दोन बाटल्यांना भारी पडते, आणि आल्प्समधून यावे लागत नाही. उलट खनिजे अधिक असली म्हणजे पाणी चांगले, हेही खरे नाही. व्हिशी सेलेस्तँ या नामांकित फ्रेंच पाण्याच्या एका लिटरमध्ये अकराशे मिलिग्रॅमहून अधिक सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसाची कमाल मर्यादा दोन हजार मिलिग्रॅमची आहे. रक्तदाबाच्या रुग्णाने हे पाणी आरोग्यासाठी म्हणून रोज लिटरभर पिणे हे आजाराला आमंत्रण होय.

अलीकडे भारतातही फुल्विक आम्लामुळे काळसर दिसणारे पाणी नटनट्यांच्या हाती दिसू लागले आणि चढ्या भावाने खपू लागले. मराठी माणसाला 'काळे पाणी' म्हटले की अंदमान आठवते. त्यासाठी पैसे मोजावे लागतील असे त्या काळच्या कोणा कैद्याला स्वप्नातही वाटले नसेल!

आता शुद्धतेकडे वळावे. ग्राहक अधिक पैसे देतो ते पुष्कळदा गुणासाठी नव्हे, तर निदान यात घाण नसेल या विश्वासाने. येथे युरोपातील कायदा समजून घेणे इष्ट आहे. तेथे 'नैसर्गिक खनिज जल' म्हणून विकले जाणारे पाणी भूगर्भातच मूळचे शुद्ध असले पाहिजे. त्यावर जंतुनाशक प्रक्रिया करण्यास मनाई आहे. याच निसर्गदत्त शुद्धतेपोटी त्याला जास्त भाव मिळतो. १९९० साली अमेरिकेत पेरिएच्या बाटल्यांत बेन्झीन हे कर्कजनक द्रव्य अल्प प्रमाणात सापडले आणि कंपनीला जगभरातून सोळा कोटी बाटल्या परत घ्याव्या लागल्या. त्या चौकशीत कळले की झऱ्यातील पाणी आणि वायू हे वेगवेगळे उपसून मग कारखान्यात एकत्र केले जात होते, आणि वायू गाळणारी गाळणी वेळेवर बदललेली नव्हती. पुढे १९९२ साली नेस्ले कंपनीने पेरिए विकत घेतली. जानेवारी २०२४ मध्ये त्याच कंपनीने कबूल केले की पेरिए, व्हिटेल, कॉन्ट्रेक्स आणि हेपार या पाण्यांवर अतिनील किरण व सक्रिय कोळसा यांची निषिद्ध प्रक्रिया करण्यात येत होती. व्होज भागातील झऱ्यांच्या प्रकरणी सप्टेंबर २०२४ मध्ये तिने वीस लाख युरो भरून न्यायालयीन तडजोड केली. मे २०२५ च्या अहवालात फ्रेंच सिनेटच्या समितीने हे प्रकरण दडपल्याबद्दल सरकारवरही ठपका ठेवला. त्या प्रक्रियेने पाणी अधिक सुरक्षितच झाले असेल. पण मग ते आणि नळाचे पाणी यांत कायद्याने जो फरक होता, तोच नाहीसा झाला, आणि किंमत मात्र फरकाचीच घेतली गेली.

नळाच्या पाण्याला हिणविण्याचाही एक प्रसंग नोंदविण्याजोगा आहे. २००६ साली फिजीच्या पाण्याची जाहिरात अमेरिकेत झळकली: बाटलीवर फिजी लिहिले आहे, कारण ती क्लीव्हलंडमध्ये भरलेली नाही. क्लीव्हलंड शहराच्या पाणीखात्याला हे झोंबले. त्यांनी दोन्ही पाणी तपासून घेतले, तेव्हा फिजीच्या पाण्यात लिटरमागे सहा मायक्रोग्रॅमहून थोडे अधिक आर्सेनिक आढळले. ते अमेरिकेच्या दहा मायक्रोग्रॅमच्या मर्यादेत बसणारे होते, म्हणून त्याला घातक म्हणता येत नाही. पण हिणविल्या गेलेल्या शहराच्या नळाला ते आढळलेच नाही. याच फिजीतील खेड्यापाड्यांत विषमज्वराचे रुग्ण आजही होत असतात, आणि तेथले पाणी सुमारे नऊ हजार किलोमीटरचा समुद्र ओलांडून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जाते.

बाटली प्लास्टिकची असेल तर आणखी एक हिशेब जमेस धरावा लागतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ब्रँडांच्या बाटल्यांतील लिटरभर पाण्यात सरासरी दोन लाख चाळीस हजार प्लास्टिकचे सूक्ष्म कण आढळले. त्यांतील नव्वद टक्के कण अतिसूक्ष्म होते. त्यांचा शरीरावर नक्की काय परिणाम होतो हे अद्याप शोधले जात आहे.

मग उंची पाणी पिणाऱ्याला ते अधिक गोड लागते, ते खोटे म्हणावयाचे काय? तसे नाही. खनिजांच्या भेदामुळे पाण्याची चव खरोखर वेगळी असते. विहिरीविहिरींच्या पाण्याची पारख असलेली माणसे कोकणात गावोगाव होती. पण किंमत स्वतःच चव उत्पन्न करते, हेही प्रयोगाने दिसले आहे. २००८ साली कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी काही जणांना एकच मद्य दोन वेगवेगळ्या किमती सांगून पाजले. महाग म्हणून दिलेले मद्य त्यांना अधिक आवडले, आणि मेंदूतील सुखाची जाणीव नोंदविणारा भागही त्या वेळी अधिक उद्दीपित झालेला यंत्रावर दिसला. म्हणजे त्यांना लाभलेला आनंद खरा होता; फक्त तो पेल्यातून आलेला नव्हता. २००३ साली अमेरिकेतील दूरदर्शनवर पेन आणि टेलर या जादूगारांच्या जोडीने कॅलिफोर्नियातील एका उपाहारगृहात हाच खेळ पाण्याचा केला. गिऱ्हाइकांपुढे अनेक उंची पाण्यांची यादी ठेवली, तीत 'लो द्यू रोबिने' हेही एक नाव होते. गिऱ्हाइकांनी एकेका पाण्याच्या वेगळ्या चवीचे वर्णन केले. सर्व बाटल्या मागच्या अंगणातील बागेच्या नळीने भरलेल्या होत्या, आणि त्या फ्रेंच नावाचा अर्थ 'नळाचे पाणी' असाच आहे.

भारतात बाटलीबंद पाण्याचा आरंभही असाच औषधाच्या दाराने झाला, म्हणावयास हरकत नाही. फेलिचे बिस्लेरी हा मिलान येथील गृहस्थ लोह व क्विनाइनयुक्त टॉनिकासाठी प्रसिद्ध होता. त्याच्या नावाचे पाणी १९६५ साली ठाण्यात काचेच्या बाटल्यांत भरले जाऊ लागले, आणि चार वर्षांनी तो व्यवसाय पार्ले कंपनीने घेतला. आरंभी ते मोठ्या हॉटेलांतून परदेशी पाहुण्यांसाठी असे. आज कोणत्याही एस. टी. स्थानकावर मिळणाऱ्या बाटलीला, ती कोणत्याही कंपनीची असो, लोक 'बिसलेरी'च म्हणतात.

येथील ग्राहकाने बाटलीवरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय लावणे हिताचे आहे. भारतीय मानकांत दोन निरनिराळे वर्ग आहेत. आय. एस. १३४२८ हे नैसर्गिक खनिज जलाचे मानक; असे पाणी विशिष्ट झऱ्याचे वा भूगर्भातील साठ्याचे असावे लागते. आय. एस. १४५४३ हे पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटरचे. ते कोणत्याही उगमाचे, कूपनलिकेचे वा नळाचेही असू शकते. त्यातील क्षार बहुधा यंत्राने काढून टाकतात आणि चवीपुरते थोडे पुन्हा घालतात. दुकानदार दोहोंना सरसकट 'मिनरल वॉटर' म्हणतो. दुसऱ्या वर्गातले पाणी वाईट असते असे मुळीच नाही. प्रवासात ते उपयुक्तच असते. पण निळ्या बाटलीवर हिमशिखराचे चित्र छापले म्हणून त्यासाठी चौपट दाम देण्याचे कारण नाही.

घरच्या नळाविषयी जी शंका येते, ती मात्र निराधार नसते. महाराजा सयाजीरावांनी बडोद्यासाठी बांधविलेले आजवा सरोवर, १९०८ च्या मुसीच्या महापुरानंतर हैदराबादेस लाभलेला उस्मानसागर, ग्वाल्हेरचा तिघरा, बेळगावचा राकसकोप अशा जलाशयांतून निघून शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी सामान्यतः निर्धोक असते. ते बिघडते ते वाटेत. पुरवठा दिवसातून तासभरच होत असला की उरलेले तेवीस तास नळ्या रिकाम्या राहतात, आणि शेजारून जाणाऱ्या गटाराचे पाणी फुटक्या सांध्यांतून आत ओढले जाते. पाणी आल्यावर पहिल्या काही बादल्या गढूळ येतात त्या यामुळे. त्या पिण्यास घेऊ नयेत. पावसाळ्यात पाणी गाळून चांगले उकळू द्यावे आणि झाकून ठेवून ओगराळ्याने काढावे. गच्चीवरील टाकी वर्षातून दोनदा तरी घासून घ्यावी. वास वा रंग सतत बदललेला दिसला तर पाण्याचा नमुना नगरपालिकेच्या अथवा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावा आणि अहवाल हाती घेऊन वॉर्डाच्या सदस्याकडे जावे. मुंबईत घरगुती वापराच्या एक हजार लिटर पाण्याचा दर अजून दहा रुपयांच्या आतच आहे. ज्यांना बाटली परवडते ते फुटक्या नळीविषयी तक्रार करीत नाहीत, आणि जे तक्रार करतात त्यांचे ऐकण्याची घाई कोणाला नसते.